पार्किंगच्या स्लॅबला कवच हवे, पण कोणते?

पावसाळा सुरू होऊन महिना उलटला की मुंबई, ठाणे, पुण्यातील अनेक गृहनिर्माण संस्थांच्या कार्यालयांत एकाच प्रकारच्या तक्रारी येऊ लागतात. पोडियमखाली उभ्या केलेल्या मोटारीच्या बॉनेटवर पांढरे डाग पडलेले असतात आणि ते पुसून निघत नाहीत. कुणी गाडीवर ताडपत्री घालतो, कुणी छताला पत्र्याची पन्हळ टांगतो. दिवाळीनंतर गळती थांबते आणि तक्रारीही थांबतात. एखाद्या वर्षी मात्र विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंत पोहोचतो आणि कंत्राटदारांकडून कोटेशन मागविली जातात. एक कंत्राटदार एपॉक्सी सुचवतो, दुसरा पॉलियुरेथेन, तर तिसरा पॉलियुरिया. तिघेही हमी देण्यास तयार असतात. मग सभासदांपुढे तुलना उरते ती केवळ दरांची, आणि बहुधा सर्वांत स्वस्त कोटेशन मंजूर होते.

ही तीन कोटिंग म्हणजे एकाच वस्तूचे तीन दर नव्हेत. त्यांचे गुणधर्म वेगळे आणि उपयोगाच्या जागाही वेगळ्या आहेत. तळघरात वर्षानुवर्षे टिकणारे कोटिंग उघड्या पोडियमवर दोन उन्हाळ्यांत तडकू शकते. त्यामुळे कोटिंगची निवड करताना सर्वप्रथम विचारावयाचा प्रश्न दराचा नाही. पाणी कोठून येते आणि स्लॅबची आजची अवस्था काय आहे, हा तो प्रश्न आहे.

गळतीमागचे खरे दुखणे

काँक्रीट वरून कितीही घट्ट दिसले, तरी त्यात सूक्ष्म छिद्रांचे जाळे असते. त्यातून पाणी आणि हवा हळूहळू आत शिरतात. पाणी जाताना सिमेंटमधील चुना विरघळवून नेते. तोच चुना छताच्या खालच्या बाजूस पांढऱ्या रेघांच्या रूपाने दिसतो आणि गाडीच्या रंगावर डाग पाडतो.

डागांपेक्षा गंभीर गोष्ट आत घडत असते. चांगल्या काँक्रीटचा सामू १२ ते १३ इतका, म्हणजे अत्यंत अल्कधर्मी असतो. या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा तयार होतो आणि ती गंजत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड ओलाव्याच्या साहाय्याने काँक्रीटमध्ये मुरत गेला की हा सामू उतरू लागतो. तो ९ च्या आसपास आला की पापुद्रा नष्ट होतो. या प्रक्रियेस कार्बोनेशन म्हणतात. समुद्राकाठच्या हवेतील क्षार हेच काम आणखी लवकर करतात. गाड्या धुण्यासाठी वापरले जाणारे बोअरवेलचे खारे पाणीही त्यात भर घालते.

सळई गंजली की गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट होते. आतून पडणाऱ्या या दाबामुळे काँक्रीटला सळईच्या रेषेत तडे जातात, पोपडे सुटतात आणि सळई उघडी पडते. या टप्प्यावर दुरुस्तीचा खर्च कोटिंगच्या खर्चाच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. म्हणूनच पार्किंगच्या स्लॅबवरील कोटिंगचे खरे काम सळईपर्यंत पाणी आणि क्षार पोहोचू न देणे हे आहे. चकाकी, रंग आणि पट्टे ही त्यानंतरची बाब.

एलियट लेकचा धडा

गळतीकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचे टोकाचे उदाहरण कॅनडात घडले. ओंटारिओ प्रांतातील एलियट लेक या गावात १९८० मध्ये आल्गो सेंटर मॉल सुरू झाला. मॉलच्या छतावरच मोटारींचे पार्किंग होते. छत सुरुवातीपासूनच गळत होते. पुढील तीन दशकांत वरून भेगा बुजविणे, लेप देणे, खाली ताडपत्र्या आणि बादल्या लावणे असे उपाय होत राहिले. २३ जून २०१२ रोजी छताचा एक भाग गाडीसह खाली कोसळला आणि दोन महिलांना प्राण गमवावे लागले.

या दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाणी आणि क्षार वर्षानुवर्षे झिरपत राहिल्यामुळे पोलादी सांगाड्याच्या एका सांध्याचे वेल्डिंग गंजून निकामी झाले होते, असे त्यातून स्पष्ट झाले. तो सांगाडा पोलादी होता आणि तेथील क्षार मुख्यतः बर्फ वितळविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मिठातून येत होते. आपल्याकडील आरसीसी इमारतींची रचना वेगळी आहे. मात्र वरवरचे लेप देऊन गळती पुढे ढकलत राहण्याची सवय दोन्हीकडे सारखीच आहे.

पार्किंग कोठे आहे?

कोटिंगच्या दृष्टीने पार्किंगचे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार तळघराचा किंवा स्टिल्टखालील जमिनीचा. येथील काँक्रीट थेट मातीवर टेकलेले असते. खाली कोणी राहत नाही, त्यामुळे वरून पाणी झिरपण्याची भीती नसते. उलट जमिनीतील ओल खालून वर येते. तिच्यावर हवाबंद थर दिला, तर बाष्पाच्या दाबाने फुगे येतात आणि कोटिंग पापडासारखे उचलले जाते. अनेक ठिकाणी अशा जागेसाठी ट्रिमिक्स पद्धतीचे काँक्रीट आणि त्यावर पृष्ठभाग कठीण करणारे हार्डनर एवढे पुरेसे ठरते. कोटिंग द्यावयाचेच असेल, तर ओलसर काँक्रीटवर चालणारा प्रायमर आवश्यक असतो. तळघराच्या भिंती आणि तळातून पाणी येत असेल, तर त्याचा बंदोबस्त हे स्वतंत्र काम आहे. वरचे कोटिंग त्याला पर्याय ठरत नाही.

दुसरा प्रकार बहुमजली पार्किंगच्या मधल्या मजल्यांचा. येथे ऊन नसते, परंतु पावसात टायरबरोबर येणारे पाणी, गाड्या धुण्याचे पाणी आणि तेलाचे थेंब असतात. वळणांवर टायर घासून झीज मोठी होते. स्लॅब अधांतरी असल्याने गाड्यांच्या वजनाखाली तो किंचित लवतो.

तिसरा आणि सर्वांत कठीण प्रकार उघड्या पोडियमचा किंवा गच्चीवरील पार्किंगचा. येथे ऊन, पाऊस आणि चाके या तिन्हींचा मारा एकत्र होतो. तापमानाबरोबर स्लॅब लहानमोठा होतो. ३० मीटर लांबीच्या स्लॅबचे तापमान २० अंशांनी वाढले, तर त्याची लांबी सुमारे ६ मिलिमीटरने वाढू पाहते. ही हालचाल सांध्यांवर आणि भेगांवर एकवटते. त्यामुळे येथील कोटिंग ताणले जाणारे आणि उन्हात टिकणारे हवे.

पर्याय कोणते?

सिलेन किंवा सिलॉक्सेन वर्गातील द्रव काँक्रीटमध्ये मुरतात आणि छिद्रांच्या भिंती जलरोधक करतात. पृष्ठभागावर थर उरत नाही, त्यामुळे तो सोलला जाण्याचा प्रश्न नसतो आणि आतील बाष्पही बाहेर पडू शकते. मात्र हे द्रव भेगा भरून काढत नाहीत आणि साचलेले पाणी रोखत नाहीत. चांगल्या उताराच्या, भेगा नसलेल्या नव्या स्लॅबला त्यांचा उपयोग होतो. गळका स्लॅब त्यांच्याने थांबत नाही.

एपॉक्सी कठीण, काँक्रीटला घट्ट चिकटणारे आणि तेल व झीज यांना दाद न देणारे असते. त्यामुळे झाकलेल्या पार्किंगमध्ये ते लोकप्रिय आहे. त्याचे दोष दोन. ते ताणले जात नसल्याने खालच्या भेगेची हालचाल झाली की तेही त्याच रेषेत तडकते. शिवाय उन्हात ते पिवळे पडून त्याची भुकटी होऊ लागते. उघड्या पोडियमवर एकटे एपॉक्सी देणे म्हणूनच चुकीचे ठरते.

पॉलियुरेथेनचे लवचीक थर गाड्यांच्या पोडियमसाठी सर्वाधिक वापरले जातात. रबरासारखा पायाथर भेगेवर ताणला जातो, तर वरचा थर चाकांची झीज सोसतो. पॉलियुरेथेनचेही दोन वर्ग आहेत. ॲरोमॅटिक वर्गातील थर स्वस्त असतो, पण उन्हात रंग बदलतो. ॲलिफॅटिक वर्गातील थर ऊन सहन करतो. उघड्या जागी सर्वांत वरचा थर ॲलिफॅटिक असणे गरजेचे आहे आणि कोटेशनमध्ये तसा स्पष्ट उल्लेख हवा.

पॉलियुरिया यंत्राने फवारले जाते आणि काही सेकंदांत ते घट्ट होऊ लागते. सांधे नसलेला लवचीक थर मिळतो. परंतु दोन घटकांचे प्रमाण, तापमान आणि दाब यांत थोडीही गफलत झाली, तर काम वाया जाते. काँक्रीटची तयारी कमी पडली, तर तो थर अखंड चादरीसारखा सुटून येतो. ॲक्रिलिक वर्गातील पीएमएमए हा आणखी एक पर्याय. तो तासाभरात चालण्याजोगा होतो, त्यामुळे पार्किंग फार काळ बंद ठेवता येत नसेल तेथे तो सोयीचा. त्याची किंमत आणि काम चालू असतानाचा उग्र वास या त्याच्या मर्यादा आहेत.

गच्चीसाठी वापरले जाणारे सिमेंट-पॉलिमरचे दोन घटकांचे कोटिंगही काही कंत्राटदार पोडियमसाठी सुचवतात. त्यातील बहुतेक कोटिंग चाकांखाली उघडे राहण्यासाठी बनविलेले नसतात, त्यांच्यावर संरक्षक काँक्रीटचा थर द्यावा लागतो. येथे वजनाचे गणित येते. ७५ मिलिमीटर जाडीचा थर एका चौरस मीटरला सुमारे १८० किलोचा भार वाढवतो. जुन्या स्लॅबवर असा भार टाकण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनीअरची लेखी संमती घेणे अत्यावश्यक आहे.

एक नव्हे, चार थर

चाकांखाली टिकणारे पॉलियुरेथेन कोटिंग हा एकच रंग नसून ती थरांची रचना असते. प्रथम काँक्रीटमध्ये पकड घेणारा प्रायमर, बहुधा एपॉक्सीचा. त्यावर पाणी अडविणारा लवचीक पायाथर. त्यावर झीज सोसणारा थर, जो ओला असतानाच त्यात क्वार्ट्झची वाळू पेरली जाते. शेवटी वाळू बांधून ठेवणारा आणि ऊन सोसणारा वरचा थर. यातील एखादा थर गाळला की दर लगेच उतरतो. स्वस्त कोटेशनचे रहस्य अनेकदा येथेच असते.

वाळूचे काम दुहेरी आहे. ती झीज सोसते आणि घसरणे रोखते. रॅम्पवर आणि वळणांवर वाळू जाड आणि अधिक प्रमाणात लागते. गुळगुळीत, चकचकीत रॅम्प पहिल्या पावसात दुचाकीस्वारांसाठी धोकादायक ठरतो. ज्या ठिकाणी गाड्या केवळ उभ्या राहतात, तेथे पातळ रचना चालू शकते. संपूर्ण पार्किंगला एकच जाडी देण्याची गरज नसते.

गरम टायरचाही विचार करावा लागतो. लांबून आलेल्या गाडीचे तापलेले टायर रात्रभर एकाच जागी राहिले की हलक्या प्रतीचे कोटिंग मऊ होऊन टायरबरोबर उचलले जाते. फरशीसाठीचा साधा रंग पार्किंगमध्ये टिकत नाही, याचे हे एक प्रमुख कारण आहे.

कामाआधीच्या चाचण्या

कोटिंग निकामी होण्याची कारणे शोधली, तर दोष मालापेक्षा तयारीत सापडण्याची शक्यता अधिक असते. म्हणून काम देण्यापूर्वी काही चाचण्या करून घ्याव्यात.

स्लॅबवर हातोडीने ठोकून पोकळ आवाजाच्या जागा खुणावल्या जातात. फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर टाकले की निरोगी भाग गुलाबी होतो आणि कार्बोनेशन झालेला भाग बिनरंगी राहतो. बिनरंगी पट्टा सळईपर्यंत पोहोचला असेल, तर केवळ कोटिंग पुरेसे नाही, हे समजावे. सळई गंजण्याची शक्यता हाफ-सेल पोटेन्शियल चाचणीतून कळते. पोकळ भाग फोडून, सळई साफ करून आणि दुरुस्तीचा माल भरून झाल्यावरच कोटिंगचा विचार करावा. आजारी काँक्रीटवर चढवलेले कोटिंग आजार झाकते आणि पुढील तपासणीत तो नजरेस पडत नाही.

ओल तपासण्यासाठी साधी चाचणी आहे. सुमारे ४५ सेंटिमीटरचा चौरस प्लास्टिक कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून किमान १६ तास ठेवावा. काढल्यावर खाली थेंब किंवा ओला डाग दिसला, तर स्लॅब अजून वाळलेला नाही. पृष्ठभागावरील सिमेंटची कमकुवत साय यंत्राने घासून काढणे हेही तितकेच महत्त्वाचे. त्यानंतर छोट्या तुकड्यावर नमुना कोटिंग करून ओढचाचणी घ्यावी. चिकटविलेली धातूची चकती यंत्राने ओढली जाते. लवचीक कोटिंगसाठी साधारणतः १.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर इतकी पकड अपेक्षित असते.

जुन्या पोडियमवर आणखी एक अडचण असते. अनेक ठिकाणी स्लॅबवर ब्रिकबॅट कोबा आणि त्यावर फरशी किंवा पेव्हर ब्लॉक असतात. पाणी कोब्यात एका ठिकाणी शिरते आणि दूर दुसऱ्याच ठिकाणी खाली उतरते. फरशांवरच कोटिंग केले, तर चाकांखाली फरशा हलतात, सांध्यावर कोटिंग फाटते आणि कोब्यात आधीच साचलेले पाणी तसेच राहते. कोबा काढावा की ठेवावा, हा निर्णय कोटिंगच्या निवडीआधी घ्यावा लागतो. छताच्या खालून इंजेक्शन देऊन गळती थांबविल्यासही पाणी बहुधा शेजारची वाट शोधते.

उतार, सांधे आणि पाणी जाण्याची तोंडे यांचाही निकाल कामाआधी लागला पाहिजे. प्रसरण सांध्यावरून कोटिंग तसेच पुढे नेल्यास ते तेथे फाटणारच. सांध्यासाठी स्वतंत्र, हालचाल सोसणारी रचना लागते.

डबे मोजावेत

काम योग्य जाडीत झाले की नाही, हे तपासण्यासाठी एक सोपे गणित उपयोगी पडते. एक लिटर द्रव एका चौरस मीटरवर पसरला, तर एक मिलिमीटर जाडीचा ओला थर होतो. समजा पोडियम ५०० चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे ५,४०० चौरस फुटांचा आहे आणि पायाथर वाळल्यावर १ मिलिमीटर हवा आहे. मालात उडून जाणारे द्रावक अजिबात नसेल, तर किमान ५०० लिटर, म्हणजे २० लिटरचे २५ डबे लागतील. निम्मा भाग द्रावकाचा असेल, तर ५० डबे लागतील. खडबडीत पृष्ठभागावर याहून अधिक माल जातो. माल किलोत विकला जात असेल, तर माहितीपत्रकातील घनतेने भागून लिटर काढावेत.

कोटेशनमध्ये त्यामुळे केवळ 'तीन हात' असे लिहिलेले चालवून घेऊ नये. प्रत्येक थराचे नाव, वाळल्यानंतरची जाडी, घन पदार्थाचे प्रमाण, वाळूचा आकार आणि हमीत नेमके काय समाविष्ट आहे, हे लेखी असावे. सीलबंद डबे संस्थेच्या प्रतिनिधीसमोर उघडावेत आणि रिकामे डबे काम संपेपर्यंत मोजून ठेवावेत.

वेळ आणि कायदा

सहकारी संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. त्या सभेत विषय मंजूर झाला, तर ऑक्टोबरमध्ये चाचण्या आणि नोव्हेंबरपासून काम, असे वेळापत्रक कोकणपट्टीच्या हवामानास साजेसे आहे. मे अखेरीस घाईने उरकलेले काम पहिल्याच सरीत धोक्यात येते. स्लॅबच्या पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी अधिक असावे, असा संकेत आहे. अन्यथा डोळ्यांना न दिसणारे दव कोटिंगखाली अडकते. काम टप्प्याटप्प्याने करावयाचे असल्यास दोन टप्प्यांच्या जोडावर थर एकमेकांवर चढवावे लागतात. गाड्या परत केव्हा सोडायच्या, हे माहितीपत्रकातील मुदतीवरून ठरवावे, सभासदांच्या दडपणावरून नव्हे. तळघरात काम असेल, तर हवा खेळती ठेवणे, आगीपासून दक्षता आणि कामगारांना योग्य मुखवटे या अटी करारात असाव्यात.

इमारत नवी असेल, तर खर्च करण्यापूर्वी रेरा कायदा पाहावा. २०१६ च्या या कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील किंवा कारागिरीतील दोष निदर्शनास आणून दिल्यास तो ३० दिवसांत विनामोबदला दूर करणे ही विकासकाची जबाबदारी आहे. लेखी सूचना न देता संस्थेने स्वतःच कोटिंग केल्यास मूळ दोषाचा पुरावा झाकला जातो. जुन्या इमारतींबाबत आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट अपेक्षित आहे. पार्किंगचे कोटिंग या ऑडिटनंतर आणि त्यातील शिफारशींनुसार करणे शहाणपणाचे.

काम झाल्यानंतर

कोटिंग हे झिजण्यासाठीच असते. वरचा थर वेळेवर नवा केला, तर खालचा पाणी अडविणारा थर वाचतो. रॅम्प आणि वळणे दरवर्षी पावसाळ्याआधी पाहावीत, पाण्याची तोंडे साफ करावीत. सर्वांत मोठा धोका मात्र ड्रिल मशिनचा. पार्किंगचे कुलूप, चाक अडविणारा ठोकळा किंवा गणेशोत्सव आणि नवरात्रीच्या मंडपाचा खांब यांसाठी पाडलेले प्रत्येक भोक पाण्याला थेट आत जाण्याची वाट करून देते. मंडपासाठी वजनी पायांचे खांब वापरावेत आणि भोके पाडण्यास संस्थेने ठरावाद्वारे मनाई करावी.

पार्किंग मोजक्या मोटारमालकांचे, मग खर्च सर्वांनी का करावा, असा प्रश्न सभेत हमखास उपस्थित होतो. त्याचे उत्तर स्लॅबच्या आत आहे. ज्या सळया गाड्यांचे वजन पेलतात, त्या इमारतीच्याच सांगाड्याचा भाग आहेत. बॉनेटवरील पांढरा डाग हा एका गाडीचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात तो संपूर्ण इमारतीला मिळालेला पहिला इशारा असतो.